घाट चढून आलात? लगेच बटण दाबू नका! टर्बो गाडी बंद करण्याआधी आणि नंतर काय करायचं

महेश्वरहून इंदूरला येताना मंडलेश्वर मागे पडलं की जामचा घाट लागतो. निमाडातून माळव्यात चढणारा हा रस्ता जिथे सपाटीला लागतो, नेमका तिथेच जाम दरवाजा उभा आहे, आणि त्याच्या आजूबाजूला भुट्टे, भजी, चहाच्या टपऱ्या. म्हणजे इंजिनाची सगळ्यात जास्त दमछाक जिथे होते, तिथेच प्रत्येकजण गाडी बंद करून फोटो काढायला उतरतो.

मीही उतरलो होतो. गाडी घेऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सेकंडहँड, दोन दारांची, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. बटण दाबलं, दहा पावलं चाललो, तेवढ्यात बॉनेटखालून घरघर सुरू झाली आणि वाढतच गेली. मी पळत मागे आलो. गाडी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद केली. आवाज तसाच. मित्राने तोवर बॉनेट उघडून हातातली पाण्याची बाटली इंजिनावर ओतायची तयारी केली होती. भुट्टे भाजणाऱ्या मावशी शेगडीवरून मान न उचलता म्हणाल्या, "रहने दो, अपने आप बंद हो जाएगा."

आठेक मिनिटांनी झालाही. इंजिन बंद झाल्यावर आपोआप चालणारा पंखा होता तो. मावशींनी अशा गाड्या रोज पाहिल्या होत्या, मी पहिल्यांदाच पाहत होतो. नंतरच्या दोन वर्षांत पुस्तिका वाचून, गॅरेजांत बसून आणि पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीचं काम केलेल्या मावसभावाचं डोकं खाऊन जे कळलं ते इथे लिहितोय. तुमची गाडी एक लिटरची छोटी टर्बो असली तरी गोष्ट तीच, काळजी मात्र पुष्कळ कमी.

बंद केल्यावर आत काय चालतं

टर्बो म्हणजे एका दांडीच्या दोन टोकांना दोन चक्रं. एक चक्र एक्झॉस्टच्या वायूवर फिरतं, दुसरं इंजिनात हवा कोंबतं. गाडी जोरात पळवली की ही दांडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. पेट्रोल गाडीत तिच्या गरम टोकावर येणारा वायू ९०० अंशांच्याही पुढे जातो, डिझेलमध्ये त्याहून थोडा कमी. दोन चक्रांच्या मधोमध बेअरिंग. त्याला इंजिन ऑइल वंगण देतं आणि उष्णताही वाहून नेतं. हल्लीच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंमध्ये त्याच्या भोवतीने कूलंटही (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं द्रव) फिरतं.

इंजिन थांबलं की ऑइलचा पंप थांबतो. पट्ट्यावर चालणारा कूलंटचा पंपही थांबतो. तापलेलं बिड मात्र तापलेलंच. गॅस बंद केल्यावरही तव्यावर विसरलेली पोळी करपते ना, तसंच. गरम टोकाची उष्णता हळूहळू मधल्या भागात शिरते, आणि बेअरिंगजवळचं तापमान गाडी बंद केल्यानंतर काही मिनिटांनी सगळ्यात वर पोचतं. याला गॅरेजवाले 'हीट सोक' म्हणतात. तिथे जागच्या जागी अडकलेलं ऑइल जळतं. कढईच्या कानाखाली जी काळी, खरवडूनही न निघणारी राळ साचते, तीच इथे ऑइलच्या बारीक वाटेत साचते. एका दिवसात काही बिघडत नाही. पण हे शंभर वेळा झालं की वाट अरुंद होते आणि बेअरिंगला ऑइल कमी पडू लागतं.

१. आधी गाडीचं पुस्तक आणि कागद काढा

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं ते जाडजूड पुस्तक एकदा उघडाच. त्यात तीन गोष्टी शोधा. टर्बो फक्त ऑइलवर थंड होतो की कूलंटवरही? इंजिन बंद झाल्यावर पंखा किंवा विजेवरचा छोटा पंप आपोआप चालतो का? आणि जोरात चालवल्यावर किती वेळ आयडलवर, म्हणजे गाडी उभी पण इंजिन चालू, ठेवायला सांगितलं आहे?

जुन्या गाड्यांत हा फरक फार मोठा आहे. ऐंशीच्या दशकातल्या पोर्शे ९४४ टर्बोला बंद झाल्यावर टर्बोतून कूलंट फिरवत ठेवणारा विजेचा पंप होता. त्याच काळातल्या कितीतरी गाड्यांना तो नव्हता, आणि मालक लोक टर्बो बदलून बदलून थकले. टोयोटाच्या एमआर-२ टर्बोचं इंजिन सीटच्या मागे आहे. तिथे समोरची हवा पोचत नाही, म्हणून इंजिनाच्या खोलीसाठी वेगळा पंखा दिला होता. तुमची गाडी मागच्या इंजिनाची असेल तर हा पंखा चालतो की नाही, हे विकत घेतानाच तपासा.

हे कागद एका फाइलमध्ये ठेवा:

- गाडीचं पुस्तक; हरवलं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बहुतेकदा मिळतं
- सर्व्हिसच्या नोंदी, आणि शक्य तर प्रत्येक वेळी कोणत्या ग्रेडचं ऑइल घातलं त्याची पावती
- वॉरंटी किंवा वाढीव वॉरंटीची अट असलेलं पान
- विम्याची पॉलिसी. इंजिनाचं जादा संरक्षण घेतलं असेल तर त्यातल्या वगळलेल्या गोष्टी वाचा. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटर विम्यात येत नाहीत
- आरसी. आमच्यासारख्या एमपी-०९ वाल्यांनी, म्हणजे इंदूरच्या नंबरवाल्यांनी, दुसऱ्या राज्यातली गाडी आणली असेल, तर नोंदणी बदलण्याची कटकट वेगळीच. तो लेख पुन्हा कधीतरी

२. हाताशी काय असावं

फार काही नको. टेम्परेचर गन (बंदुकीसारखी, दुरूनच तापमान दाखवते), गाडीच्या सॉकेटमध्ये बसून इंजिनाचे आकडे वाचणारा ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि मोबाइलवर त्याचं ॲप, जाड हातमोजे, टॉर्च, आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या कूलंटची व ऑइलची एकेक लिटरची बाटली डिकीत.

डोंगलचा एक मोठा फायदा. बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवर कूलंटचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान ८० असो की १००, काटा मधोमधच. खरा आकडा ॲपवरच दिसतो. मी एकदा इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवलं आणि नुसतं बघत बसलो. बंद करताना ९२ होते, पाच मिनिटांत आकडा शंभरच्या पुढे गेला आणि मग सावकाश उतरला. हीट सोक मला त्या दिवशी खरा पटला, तोवर ती ऐकीव गोष्ट होती.

३. खरी थंडाई शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित. घरी पोचल्यावर घड्याळ लावून बसण्यापेक्षा येतानाच गाडी थंड करत या. शेवटची चार-पाच किलोमीटर ॲक्सिलरेटरवर पाय हलका, वरचा गिअर, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास. टर्बोवर दाब येऊ द्यायचा नाही. पुढून वारा मिळतो, ऑइल फिरत असतं, कूलंट फिरत असतं. आयडलवर जे तीन मिनिटांत होणार नाही ते इथे आपोआप होतं.

मी जामहून महूमार्गे येतो. राऊपासून पुढे राजेंद्रनगरपर्यंत तसंही सिग्नल आणि रिक्षा वेग काढू देत नाहीत. लोकमान्यनगरच्या गल्लीत शिरेपर्यंत टर्बो निवलेला असतो. तिथे मी काहीही न थांबता गाडी बंद करतो. तुमचं घर शहरात असेल तर बहुतेक दिवस तुम्हालाही वेगळं काही करावं लागणार नाही.

अडचण होते ती तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे घाटाचा माथा. जाम दरवाजा झाला, खंडवा रोडवरचा भेरूघाट झाला. चढ संपला की लगेच थांबायचा मोह आवरा, सपाटीवर दोन-तीन किलोमीटर पुढे जा, वळा आणि मग परत या. भुट्टे तिथेच असतात.

दुसरं, बायपासवरचा पेट्रोल पंप. देवासकडून मांगलियाच्या बाजूने सुसाट यायचं आणि थेट पंपावर वळायचं. पंपावर इंजिन ताबडतोब बंद करावंच लागतं, तिथे आयडलवर ठेवण्याचा प्रश्नच नाही. म्हणून पंपाचा विचार तीन-चार किलोमीटर आधीच करा आणि डावीकडच्या लेनमध्ये या. ढाब्यांचंही तेच.

तिसरं, रविवारची सकाळ. सहा वाजता सुपर कॉरिडॉरवर पाच-सहा गाड्या जमतात, मोकळ्या रस्त्यावर हौस भागवून होते, आणि तिथून सगळे पोहे-जलेबीला. पोह्यांच्या ठेल्यासमोर गाडी लावताना प्रत्येकजण एकदा जोरात 'व्रूम' करतो आणि त्याच क्षणी बंद करतो. यापेक्षा वाईट सवय नाही. त्या एका व्रूममध्ये टर्बोची दांडी पुन्हा वेगात फिरायला लागते, आणि तुम्ही इंजिन बंद करून तिचं ऑइल तोडता. ती बिचारी कोरडीच गरगरत थांबते. ठेल्यावरच्या चार पोरांनी मान वळवून पाहिलं, एवढीच त्यातली कमाई.

आणखी एक बारकावा. राजवाड्याजवळच्या गर्दीत अर्धा तास रांगत आलात, तर टर्बोची दांडी निवांत झालेली असते, पण बॉनेटखालची हवा भट्टीसारखी असते, कारण वारा मिळालेला नसतो. अशा वेळी टर्बोसाठी थांबायची गरज नाही. पण पंखा बराच वेळ चालेल, त्याची चिंता करू नका.

४. थांबल्यावर किती वेळ चालू ठेवायची

टोयोटाच्या टर्बो गाड्यांच्या पुस्तिकांमध्ये याचा छोटा तक्ता असतो, आणि मला तो सगळ्यात समंजस वाटतो. साधारण असा:

- शहरात नेहमीचं चालवणं: थांबायची गरज नाही
- ८० च्या वेगापर्यंत हायवे: २० सेकंद
- १०० पर्यंत: १ मिनिट
- सलग १०० च्या वर, किंवा खडा घाट: २ मिनिटं

तुमच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. दोन-तीन मिनिटांच्या पुढे मात्र काही हाती लागत नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा ४२ ला असताना एसी लावून दहा मिनिटं आयडलवर बसलात, तर टर्बो थंड होण्याऐवजी बॉनेटखाली गरम हवाच साचते. थांबायचंच असेल तर ती दोन मिनिटं एसी बंद ठेवा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो, त्याची उष्णता थेट मागच्या रेडिएटरवर जाते.

गाडीत स्टार्ट-स्टॉप असेल तर घाट आणि हायवेसाठी ते बटण आधीच बंद करून टाका. टोलवर थांबलात की गाडी स्वतःहून इंजिन बंद करेल, आणि तुमचं इतकं सगळं गणित वाया.

बंदिस्त गॅरेजमध्ये किंवा तळघरात इंजिन चालू ठेवून बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आयडल करायचं तर उघड्यावर, मग आत घ्या.

५. बंद केल्यावर हात लावू नका

आता पंखा सुरू होईल. होऊ द्या. अनेक गाड्यांत पंख्याबरोबर विजेवरचा छोटा पंपही चालतो आणि टर्बोतून कूलंट फिरवत राहतो. याला आफ्टर-रन पंप म्हणतात. काही गाड्यांत तो १०-१५ मिनिटंही चालतो. जिथे असा पंप नाही, तिथेही कूलंटच्या नळ्या नीट मांडलेल्या असतील तर गरम कूलंट आपोआप वर चढतं आणि गार खाली येतं. गच्चीवरचा सोलर ज्या तत्त्वावर वीज न वापरता पाणी फिरवतो, तेच हे.

माझ्या आईला हे पटायला महिना लागला. ती रोज गॅलरीतून ओरडायची, "अरे, गाडी बंद करायला विसरलास का?" सोसायटीचा वॉचमन तर एकदा वर येऊन दार वाजवून गेला. तुमच्याकडेही असं होणार, आधीच सांगून ठेवा.

बॅटरीचं कनेक्शन तोडणारा खटका लावून घ्यायची फॅशन आली आहे. असेल तर पंखा थांबल्याशिवाय तो फिरवू नका. बॅटरी आधीच कमकुवत असेल तर हा पंखाच सकाळी तुम्हाला ढकलगाडीवर आणेल. चार वर्षं झालेली बॅटरी टर्बो गाडीत ठेवू नये, हे माझं मत.

६. बॉनेट उघडायचं का?

उघडलं तर फायदा आहेच, गरम हवा वरून निघून जाते. घाटावर थांबलो की मी उघडतो. घरी मात्र कधीच नाही. एकदा उघडं ठेवून चहा प्यायला वर गेलो आणि परत येऊन पाहतो तर शेजाऱ्यांचं मांजर इंजिनाच्या कव्हरवर पाय पसरून झोपलेलं. मांजर परवडलं, उंदीर वायरी कुरतडतात.

उघडल्यावर दोन गोष्टी विसरू नका. पंखा थांबलेला दिसला तरी तो कुठल्याही क्षणी फिरायला लागू शकतो. बोटं, ओढणी, गळ्यातली साखळी, शर्टाची बाही, सगळं लांब. दुसरं म्हणजे कूलंटच्या टाकीचं झाकण. गरम असताना ते उघडायचं नाही म्हणजे नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे, इथे उघड्या पातेल्यातलं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. टाकीत झाकणाच्या दाबामुळे कूलंट १२० च्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, आणि ते सगळं क्षणात उसळून तोंडावर येतं. झाकणाला हात लावण्याआधी वरची रबरी नळी चिमटीत धरून बघा. ती मऊ पडली असेल आणि हाताला सोसवत असेल, तरच हात घाला, तोही जाड फडक्याने, पहिल्यांदा थोडंसं फिरवून.

पाणी ओतायचं नाही. तापलेल्या बिडाला थंड पाणी लागलं की ते तडकू शकतं. माझ्या मित्राची बाटली मावशींनी अडवली, त्याबद्दल त्यांचे उपकार.

७. कुठे आणि कशी उभी करायची

वाळक्या गवतावर नाही. एप्रिल-मे मध्ये जामच्या पठारावर गुडघाभर पिवळं गवत असतं, आणि गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा डबा) बंद केल्यावरही बराच वेळ गवत पेटवण्याइतका गरम राहतो. मातीवर किंवा डांबरावर लावा.

कव्हर लगेच चढवू नका. उष्णता अडकते, आणि स्वस्तातलं प्लास्टिकचं कव्हर असेल तर सायलेन्सरच्या टोकाला चिकटूनही बसतं. पाऊण तास जाऊ द्या. धुवायलाही तेवढाच वेळ. गाडी धुणारा मुलगा सकाळी येत असेल तर बरं. संध्याकाळी आल्या आल्या पाइप घेऊन धावणारा असेल तर त्याला समजावा. चाकांवर पाणी मारलं की ब्रेकच्या डिस्कलाही धक्का बसतो.

घाट उतरून आलात तर ब्रेक इंजिनापेक्षा जास्त तापलेले असतात. सपाट जागी गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, हँडब्रेक थोड्या वेळाने ओढा. तापलेल्या डिस्कला पॅड घट्ट दाबून ठेवले की डिस्कवर डाग उमटतो आणि मग ब्रेक मारताना पेडल थरथरतं. उतारावर मात्र हे शहाणपण नको, तिथे हँडब्रेक आधी.

८. दहा-वीस मिनिटांनी पुन्हा निघताना

हीच ती वेळ, जेव्हा बॉनेटखालची उष्णता शिगेला असते. सुरू होताना इंजिन क्षणभर जास्त फिरेल, आयडल थोडं डळमळेल, पिकअप सुस्त वाटेल. आत जाणारी हवा गरम आहे म्हणून इंजिनाचा कंट्रोलर मुद्दाम ताकद कमी करतो. एक-दोन किलोमीटर हळू चालवा, वारा लागला की गाडी पूर्ववत होते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलची नळीच तापून वाफ अडकायची आणि गाडी सुरूच व्हायची नाही. आमच्या काकांच्या फियाटला ओला रुमाल गुंडाळल्याचं मला आठवतं. इंजेक्शनच्या गाड्यांत ते जवळजवळ संपलं.

९. ऑइल आणि कूलंट

वर सांगितलेलं सगळं केलं आणि ऑइल स्वस्त घातलं, तर सगळी मेहनत फुकट. पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं आणि कंपनीने मान्यता दिलेलं पूर्ण सिंथेटिक ऑइलच घाला. ते मिनरल ऑइलपेक्षा जास्त उष्णता सोसतं आणि उशिरा जळतं. वर्षातून एकदा बदला, गाडी कमी चालली तरी. घाट आणि हायवे जास्त होत असतील तर मी ७,५०० किलोमीटरलाच बदलतो. पातळी तपासताना गाडी सपाटीवर, आणि बंद केल्यावर पाचेक मिनिटांनी.

कूलंटमध्ये बोअरिंगचं पाणी टाकू नका. आपल्याकडचं बोअरिंगचं पाणी जड, त्याचा पांढरा थर गिझरच्या कॉइलवर पाहिलाच असेल. नळाला येणारं नर्मदेचं पाणीही यासाठी नाही. डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. रंग बघून दुसऱ्या जातीचं कूलंट मिसळू नका, गुलाबी दिसतं म्हणून गुलाबी असं चालत नाही.

१०. गॅरेजवाला विकायला बघेल त्या वस्तू

टर्बो टायमर. चावी काढल्यावरही इंजिन दोन मिनिटं चालू ठेवणारा डबा. नव्वदच्या दशकात जपानी गाड्यांना तो सर्रास लावत. आज कूलंटवर थंड होणाऱ्या टर्बोला त्याची गरज नाही, तो बसवण्यासाठी वायरी कापल्या की वॉरंटीवाल्यांना आयतं निमित्त मिळतं, आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२६ प्रमाणे चालकाच्या जागी लायसन्सधारक नसताना सार्वजनिक जागी इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही.

एक्झॉस्टभोवती गुंडाळायची पट्टी. रेसिंगच्या गाड्यांत ती दिसते म्हणून लोक मागतात. ती उष्णता धातूच्या आतच कोंडते. बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातून एक्झॉस्टचा वायू गोळा करणारा नळ) असेल तर त्याला तडा जायचा धोका, आणि पट्टीत ऑइल मुरलं तर पेट घेण्याचा. कंपनीने लावलेले पत्र्याचे हीट शील्ड जागेवर आहेत ना, एवढं बघा. आधीच्या मालकाच्या गॅरेजने 'खडखड करतो' म्हणून काढून टाकलेले असतात.

बॉनेटला भोकं पाडून जाळ्या बसवायच्या असतील तर आधी आरटीओचा विचार करा. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला त्याच कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

११. या खुणा दिसल्या तर गॅरेज गाठा

चालवतानाच तापमान चढत असेल, तर तो हीट सोक नव्हे, बिघाड आहे. बाजूला घ्या, एसी बंद, हीटर फुल गरमवर. मे महिन्यात जीव नकोसा होईल, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. वाफ दिसली, कूलंट सांडलं किंवा ऑइलचा लाल दिवा लागला तर आयडलही नको, लगेच बंद.

सुरू करताना निळसर धूर, ऑइल पातळी पुन्हा पुन्हा उतरणं, टर्बोतून शिट्टीऐवजी किरकिर किंवा घासल्याचा आवाज: या तिन्हींपैकी एक जरी असेल तरी घाटाचा बेत रद्द.

शेवटची खूण मी स्वतः भोगली. गेल्या उन्हाळ्यात गाडी बंद केली की डॅशबोर्डमागून गुडगुड आवाज यायचा, हुक्क्यासारखा, आणि पाठोपाठ किंचित गोडसर वास. पंखा फिरत होता, पण पंख्याखाली नेहमी जी बारीक गुणगुण ऐकू यायची ती नव्हती. एका गॅरेजमध्ये दोनदा नेली. दोन्ही वेळा "टर्बो गाडीत असंच होतं" म्हणत त्यांनी कूलंट भरून परत पाठवली. तिसऱ्यांदा दुसरीकडे नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, स्कॅनरवरूनच आफ्टर-रन पंप चालू करायचा हुकूम दिला आणि मला बॉनेटवर कान ठेवायला सांगितलं. काहीच आवाज नाही. पंप मेलेला होता, आणि त्याच्या सांध्यातून कूलंट झिरपून वाळल्याचे गुलाबी डाग खालच्या बाजूला स्पष्ट दिसत होते. पंपाची किंमत टर्बोपुढे चिल्लर निघाली. तुमच्याकडे गुडगुड सुरू झाली तर गॅरेजमध्ये हीच चाचणी मागा, पंप तुमच्यासमोर स्कॅनरवरून चालू करायला लावा, आणि कूलंट नुसतं भरून देत असतील तर पैसे देण्याआधी ते कुठून कमी झालं हे विचारा.